वहीकाकांचा पाचवा रकाना

त्या ऑफिसात पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणारी एकोणीस माणसं होती आणि त्या एकोणीस जणांचे मिळून प्रश्न अकरा होते. तेच अकरा प्रश्न फिरून फिरून यायचे, आणि दर वेळी विचारणाऱ्याला वाटायचं की असलं संकट आजवर कुणावर ओढवलंच नसेल. काल इन्स्टॉल केलेलं साधन आज सापडत का नाही? माझ्या मशीनवर चालतं ते सर्व्हरवर का चालत नाही? वेबअॅपसाठी छोटं फ्रेमवर्क घ्यावं की मोठं? पेशंटच्या नंबरापुढची शून्यं कुठे गेली? चार जुलैचा सात एप्रिल कुणी केला?

हॉस्पिटलांसाठी प्रोग्रॅम बनवणारं ऑफिस होतं ते. तिसऱ्या मजल्यावर, पॅसेजच्या टोकाला, पाण्याचा कूलर आणि कधीच न उघडणारी खिडकी यांच्यामध्ये एक टेबल होतं. त्या टेबलाशी सतरा वर्षं जो गृहस्थ बसत होता त्याला सगळे वहीकाका म्हणत. नोकरीला लागले तेव्हा ते टायपिस्ट होते. टाइपरायटर गेले, तशी मंडळी इकडेतिकडे पांगली. काका मात्र राहिले, कारण नव्या मशीनबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस ऑफिसात एकच निघाला. पुढे पायथन आलं, त्याचंही त्यांनी तेच केलं. मग लोक येऊन विचारायला लागले, आणि विचारता विचारता तीच त्यांची नोकरी होऊन बसली.

काकांचा एक नियम होता. तोंडी प्रश्न घ्यायचे नाहीत. कुणी धापा टाकत आलं की ते समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवायचे आणि रेघा मारलेली जाड वही पुढे सरकवायचे.

"काका, अहो दोन मिनिटांचं काम आहे."

"मग लिहायला एकच मिनिट लागेल. बस."

वहीत पाच रकाने होते. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, एररची शेवटची ओळ, उत्तर. पहिले चार विचारणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायचे, पाचवा काकांनी. शाळा सुटल्यापासून ज्यांनी पेन धरलं नव्हतं त्यांच्या जिवावर यायचं. पण बसायचे बिचारे. आणि गंमत अशी की पहिला रकाना भरताना घाईत असलेला माणूस दुसऱ्यात जरा सावकाश व्हायचा आणि तिसऱ्यात त्याचं पेन थांबायचं. तो वहीकडे बघायचा, मग छताकडे. "अरेच्चा," म्हणायचा आणि खुर्ची मागे सारून तडक आपल्या जागेवर जायचा. आभार वगैरे भानगड नाही.

काका मग वही आपल्याकडे ओढून पाचव्या रकान्यात तारीख घालायचे आणि लिहायचे: उठून गेला. बाईमाणूस असेल तर, उठून गेली. पहिल्या वर्षी त्यांना याचा राग यायचा. पुढे रागही यायचा बंद झाला, नोंद तेवढी राहिली.

ऑफिसच्या प्रमुख म्हणून नव्या मॅडम आल्या त्या वर्षी तेविसावी वही चालू होती. मॅडम काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान, हुशार आणि कामाला वाघ. त्यांनी आठवडाभर सगळीकडे हिंडून पाहिलं आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, तुमच्या वह्या म्हणजे खजिना आहे. आपण त्याचं वेबअॅप करू. प्रश्न टाकला की जुन्या नोंदींतलं उत्तर समोर. कुणाला पॅसेजच्या टोकापर्यंत यायला नको."

"छान कल्पना आहे," काका म्हणाले. "वह्या टाइप कोण करणार?"

मॅडम त्यांच्याकडे बघून हसल्या. काकांना उत्तर मिळालं.

"आणि मी?"

"तुम्हाला रेकॉर्ड विभागात देऊ. तळघरात आहे, पण शांत जागा आहे. रिटायर व्हायला तीनच वर्षं आहेत ना? आता जरा आराम करा. पुढच्या महिनाअखेरीला टेबल हलवू."

रेकॉर्ड विभाग काकांनी पाहिलेला होता. तिथे लोखंडी कपाटं होती, एक ट्यूबलाइट होती आणि विचारायला येणारं कुणी नव्हतं. कामाची त्यांना भीती नव्हती. आपल्याला कुणी काही विचारणार नाही, याची होती, आणि ती इतकी होती की केबिनबाहेर आल्यावर त्यांनी कूलरमधून पाणी घेतलं आणि प्यायचं विसरले.

पण काम चोख करायचं, हा हाताला जडलेला रोग. स्वतःला हलवण्याची तयारी काकांनी स्वतःच सुरू केली आणि चार हजार एकशे सोळा नोंदी तीन आठवड्यांत टाइप केल्या, एकही चूक नाही. लोक जाता-येता कौतुक करायचे, "काका, काय स्पीड आहे!" सगळा मजकूर त्यांनी स्वल्पविरामांनी तोडलेल्या एका फाइलमध्ये ठेवला. ती फाइल वाचायला पायथनमध्ये सीएसव्ही नावाचं तयार साधन असतं. ते मागवलं, प्रोग्रॅम लिहिला, चालवला.

एरर आली. सीएसव्हीमध्ये रीडर नावाचं काही नाही, असं मशीन म्हणालं.

हे म्हणजे पोस्टात तिकीट नाही म्हटल्यासारखं झालं. काकांनी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. मशीन बंद करून चालू केलं, पायथन काढून परत टाकलं, शेजारच्या मशीनवर नेऊन पाहिलं. थोडक्यात, दुसऱ्यांनी केलं की ज्याला ते हसायचे ते सगळं त्यांनी केलं. दोन दिवस गेले. मॅडमना प्रोग्रॅम दाखवायचा दिवस परवावर आला. टेबल तर जाणारच होतं, आता अब्रूही जाते की काय असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी चहा निवून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. बायको शिवणकाम करायची. शिलाई मशीनपाशी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत ती म्हणाली, "अहो, दोन दिवस भिंतीशी बोलताय. विचारा ना कुणाला तरी."

"कुणाला विचारू?"

"ऑफिसात एवढी माणसं आहेत."

"अगं, ती मला विचारतात."

"मग तुम्हालाच विचारा," ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

काका ऑफिसात लवकर पोचले. पॅसेजमध्ये कुणी नाही असं पाहून ते टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, विचारणाऱ्याच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची एका पायाने आखूड आहे, हे त्यांना सतरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. वही उघडली. काय केलं, या रकान्यात त्यांनी आपल्या टायपिस्टी अक्षरात लिहिलं, "नोंदींची फाइल वाचण्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं: सीएसव्ही."

पेन दुसऱ्या रकान्यापर्यंत पोचलंच नाही.

पायथनला एखादं साधन नावाने मागितलं की तो आधी घरात, म्हणजे आपल्याच फोल्डरमध्ये, शोधतो. आपल्याच फाइलला आपण ते नाव देऊन बसलो असलो तर तो आपलीच फाइल उचलतो, आणि तिच्यात हवं ते सापडलं नाही की बोंब मारतो. हे काकांनी आजवर तीनशे बारा वेळा समजावलं होतं. आकडा त्यांना पाठ होता, कारण नोंदी त्यांनीच टाइप केल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि हसूही येत होतं. मग उठले, वळसा घालून आपल्या खुर्चीवर बसले आणि पाचव्या रकान्यात लिहिलं: उठून गेला.

फाइलचं नाव बदलताच प्रोग्रॅम सुरळीत चालला. आणि खरी पंचाईत मग झाली. प्रोग्रॅम साधा होता. प्रश्न टाकला की तसले जुने प्रश्न शोधायचा आणि त्यांना सगळ्यांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर दाखवायचा. काकांनी करून पाहिलं, आणि पडद्यावर जे आलं ते बघून डोक्याला हात लावला. पाचव्या रकान्यातल्या त्या ठरावीक ओळी काढून टाकणं हातात होतं. पण दाखवायला बरा दिसावा म्हणून डेटाला हात लावायचा नाही, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. त्या ठेवण्यात आपला स्वार्थ आहे, अॅप फसलं तर टेबल वाचेल, हेही त्यांना दिसत होतं, आणि ते दिसल्याने त्यांना मुळीच बरं वाटत नव्हतं. शेवटी ओळी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या खोलीत एकोणीस जण जमले. मॅडमनी स्वतः प्रश्न टाइप केला: इन्स्टॉल केलेलं साधन सापडत नाही.

पडद्यावर उत्तर आलं: उठून गेला. त्याखाली, दोनशे अठरा वेळा.

मॅडमनी शून्यांचा प्रश्न टाकला. उठून गेला. तारखेचा टाकला. उठून गेली. मागच्या रांगेत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली.

"काका, हे काय आहे?"

"उत्तर आहे, मॅडम. निम्म्याहून जास्त लोकांना तेच मिळालंय. लिहिता लिहिता ज्याचं त्याला सापडतं आणि तो उठून जातो. मी फक्त नोंद केली."

"याला डेटा म्हणत नाहीत. काढून टाका त्या ओळी."

काकांनी काढल्या. हुकूम तो हुकूम. आता अॅप खरीखुरी उत्तरं द्यायला लागलं, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. लोक खूश झाले. पॅसेजच्या टोकाला चिटपाखरू फिरकेना. काका रोज येऊन वही उघडायचे आणि संध्याकाळी कोरीच मिटायचे. त्या दिवसांत त्यांना जेवण जात नव्हतं. बायकोने एकदा विचारलं, मग विचारणं सोडलं आणि डबा लहान केला.

तिकडे एक गोष्ट हळूहळू होत होती. अॅप बरोबर उत्तर द्यायचं, पण ते कुणाच्या तरी जुन्या प्रश्नाचं. आपलं नेमकं काय बिघडलंय, हे विचारणाऱ्याने स्वतःशी धड मांडलेलंच नसायचं. मिळालेलं उत्तर लागू पडलं नाही की तो दुसरं लावायचा, मग तिसरं. एकाच्या मशीनवर चार पायथन नांदायला लागले. एकाने शून्यं परत आणली ती जिथे मुळात नव्हती तिथेही. दोन आठवड्यांत एकोणीस जणांनी अॅपला नऊशे प्रश्न विचारले आणि एका हॉस्पिटलचं काम होतं तिथेच अडून राहिलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मॅडम पॅसेजच्या टोकाला आल्या. हातात टेबल हलवण्याचा कागद होता, त्यावर काकांची सही हवी होती.

"काका, एक विचारायचं होतं," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "मी या बाबतीत..."

काकांचा हात नेहमीप्रमाणे खुर्चीकडे गेला. मग आपण कुणाला बसायला सांगतोय हे लक्षात येऊन ते ओशाळले. पण मॅडम बसल्या. खुर्ची डगमगली. काकांनी वही पुढे केली आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

मॅडमनी लिहिलं, "काकांचं टेबल काढायचं ठरवलं." पुढच्या रकान्यात लिहिलं, "लोकांचा वेळ वाचायला हवा होता." तिसऱ्या रकान्यात "दोन आठवड्यांत" एवढंच लिहिलं आणि पेन थांबलं. त्या वहीकडे बघत राहिल्या. मग छताकडे.

काकांनी हातातलं टोपण वहीशेजारी ठेवलं.

मॅडमनी टोपण लावून पेन नीट रेघेवर ठेवलं, खुर्ची मागे सारली आणि पॅसेजने निघून गेल्या. कागद टेबलावरच राहिला.

काकांनी वही आपल्याकडे ओढली. पाचव्या रकान्यात तारीख घातली. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. त्यांनी लिहिलं: उठून गेल्या.