वर लेग, खाली एंड्स

जळबा पेंटरच्या बापाची मेंढरं होती. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर रंगाची खूण करायचं काम लहानपणी जळबाकडं असायचं. पुढं मेंढरं गेली, पण रंगाचा नाद राहिला. वारंगा फाट्यावर तो ट्रकमागची नावं रंगवू लागला, दुकानांच्या पाट्या करू लागला. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. चित्र उतरवावं तशी तो अक्षरं बघून उतरवायचा.

मागच्या उन्हाळ्यात त्याला फाट्याजवळच्या इंग्रजी शाळेची भिंत रंगवायला मिळाली. त्याची मुलगी सुकन्या तिथंच सातवीत होती. शाळेच्या नावात ‘लेजंड्स’ असा शब्द होता. संस्थाचालक शिवहार सरांना अक्षरं मोठी हवी होती. एल, ई, जी एवढं काढून झालं आणि मध्ये खिडकी आली. जळबानं एक आडवी रेघ मारली आणि उरलेली अक्षरं खालच्या ओळीत काढली.

शाळा उघडली तशी पोरं हसायला लागली. वर लेग, म्हणजे पाय. खाली एंड्स, म्हणजे टोकं. भिंतीचा फोटो गावभरच्या मोबाइलवर फिरला. चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालंच, “जळबा, शाळेला पाय फुटले म्हणं!” वर्गात सुकन्याचं नाव ‘लेग’ पडलं. पोरं तिच्यामागून लंगडत चालायची.

एका संध्याकाळी तिनं ताट सरकवलं.

“पप्पा, येत न्हाई तर काहून लिवलं तुमी इंग्लिश?”

“बापाला असं बोलतेत का?” तिची आई ज्योती ओरडली. जळबा मान खाली घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो जवळच्या डोंगरकडा गावी शकुंतलाबाईंकडं गेला. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली. इंग्रजी शब्द मनाला येईल तिथं तोडत नाहीत, कुठं तोडायचा ते डिक्शनरीत ठिपका देऊन दाखवलेलं असतं, हे त्यांनी त्याला समजावलं. लेजंडमधला ठिपका जीच्या पुढंच होता.

“तुझं चुकलं न्हाई, जळबा. पुस्तकात बी इथंच तोडलाय. पण लेग एकटं दिसलं की माणूस पायच वाचतो. असला शब्द तोडूच न्हाई, अख्खाच खालच्या ओळीत न्यावा.”

जळबा पानाचा फोटो काढून घाईघाईनं घरी आला. सुकन्यानं तो नीट पाहिला आणि मोबाइल परत दिला.

“हे वर्गात दाखवू का मी? आणखीनच हसतील.”

जळबानं मोबाइल खिशात टाकला. रविवारी त्यानं भिंतीला चुना मारला आणि अख्खा शब्द खालच्या ओळीत नव्यानं रंगवला. पण लोकांच्या मोबाइलमधला फोटो काही पुसता येईना. शाळेचं पुढचं काम शिवहार सरांनी फ्लेक्सवाल्याला दिलं.

पंधरा ऑगस्टला शाळेत पालकांना बोलावलं होतं.

“मम्मी, तू एकटीच ये,” सुकन्या हळूच म्हणाली. जळबा दारातच ब्रश धूत होता.

“जावा तुमी,” तो म्हणाला. “मला फाट्यावर काम हाय.”

काम काहीच नव्हतं. तो फाट्यावरच्या आपल्या दुकानात जाऊन बसला. शाळेचा भोंगा तिथवर ऐकू येत होता. पोरी गाणं म्हणत होत्या. त्यात सुकन्याचा आवाज कोणता ते त्यानं कान देऊन ऐकलं, पण त्याला ओळखू आला नाही.