आईचा दिनविशेष

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत फाटकाजवळ एक काळा फळा होता. पाणी कधी जाणार, लिफ्ट का बंद, हे लिहायला लावलेला. बाबा इतिहासाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी तो सरळ बळकावला. रोज सकाळी दूध आणायला उतरले की खडूने दिनविशेष लिहायचे. आजच्या दिवशी कुठला तह झाला, कुठला किल्ला पडला, कोण जन्मलं. आणि सगळ्यात खाली 'निधन'. चूक काढायला अख्खी सोसायटी टपलेली असायची, पण कुणाला कधी सापडली नाही.

त्या दिवशी मी खराडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, कधी झालं? आम्हाला कळवायचं तरी!"

काय झालं, तर म्हणे तुझी आई गेली. घरी फोन लावला, तो आईनेच उचलला. "मी बरी आहे गं. लोक पिठलं-भात घेऊन आलेत. त्यांना दारातच ठेवू का आत घेऊ, तेवढं सांग."

बाबांनी 'निधन'च्या खाली आईचं नाव लिहिलं होतं. बाबांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार! खात्री करायला कुणी आलं नाही, थेट पिठलंच घेऊन आले.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. गाडी कशी चालवली देव जाणे. घरी पोचले तर बाबा खिडकीशी बसून रडत होते आणि आई समोर चहाचा कप धरून उभी. "अहो, ही काय मी!" ती म्हणाली. बाबांनी वर बघितलं आणि हात जोडले. "बाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण आज घशाखाली काही उतरायचं नाही."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नाव कळून काय करायचंय? मला ते ओळखायचे, ऑफिसचं विचारायचे. फक्त आई त्यांच्यापुरती मेली होती. तिच्या फोटोला रोज हार घालायला लावायचे, तोही तिलाच. मला त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटायला लागली. आईच्या हातचं गरम जेवताना नजर त्या हाराकडे जायची आणि मी ताट तसंच ठेवून उठायचे.

पितृपक्षात अविधवा नवमीला, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. बाबांना तिथी बरोबर आठवली. आईला म्हणाले, "बाई, आमच्या हिच्या नावानं तुम्ही बसाल का जेवायला?"

"बास झालं हं बाबा!" मी ओरडले. आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं. पुरणपोळ्या तिनेच केल्या, ठेवणीतली साडी नेसली आणि पाटावर येऊन बसली. बाबांनी पोळीवर तूप वाढलं.

"काय आवडायचं हो त्यांना?" आईने विचारलं.

बाबांनी तुपाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "विचारायचं राहूनच गेलं."

"पुरण नाही आवडायचं. श्रीखंड आवडायचं."

"तुम्ही ओळखत होतात तिला?"

"थोडंफार," आई म्हणाली आणि जेवायला लागली.