रविवारचे तुरे

कोल्हापुरात लग्नाचे फोटो काढायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. त्यातली बहुतेक वर्षं लग्नघरात माझ्या आधी एक माणूस हजर असायचा. पांढरा लेंगा-शर्ट, खांद्यावर फेट्यांचं गाठोडं, दाढेखाली लवंग. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागलो. फेटे बांधायचं काम त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. दुसरे फेटेवाले डोक्याभोवती कापड गुंडाळून, वरती कसातरी तुरा खोचून पुढच्या डोक्याकडं वळायचे. चाचा तसं करायचे नाहीत. चुण्या एकावर एक बसवून ते तुरा बोटांनी हळूहळू पंख्यासारखा उघडायचे, मग चार पावलं मागं सरून डोळे बारीक करून बघायचे. पटलं नाही तर मोडून पुन्हा बसवायचे. बाहेर वरात खोळंबली असली तरी त्यांना घाई नसायची. मी कॅमेरा डोळ्याला लावला की म्हणायचे, "थांब लेका, अजून त्यो उभा ऱ्हायला न्हाय." 'त्यो' म्हणजे नवरदेव नव्हे, तुरा.

दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले ते चालत आले, बोलणंही साफ होतं. पण डावा हात खांद्यापासून लोंबत राहिला. फेट्याला दोन हात लागतात. एकानं धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. गाठोडं माळ्यावर गेलं.

मी भेटायला गेलो तेव्हा चाचा भिंतीकडं तोंड करून बसले होते. चाची मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, तू रविवारी कॅमेरा घिऊन पाखरं बघत हिंडतोस म्हणं. ह्यांना बी ने की. दिसभर असंच बसत्यात."

खरं सांगायचं तर मला ते नको होतं. आठवडाभर लग्नं, बारशी आणि पासपोर्ट फोटो केल्यावर रविवारची सकाळ तेवढी माझी असायची. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला हसा म्हणायचं नाही. पण चाचींना नाही म्हणवलं नाही.

पहिल्या रविवारी मी त्यांना फार लांब नेलं नाही. रंकाळा तलावाच्या मागच्या अंगाला, जिथं शेतं सुरू होतात, तिथं बांधावर एक सतरंजी टाकून त्यांना बसवलं आणि मी माझ्या कामाला लागलो. तासभर चाचा डावा हात मांडीवर घेऊन, दुसऱ्याचं मूल सांभाळायला दिल्यासारखे बसले होते. मी समोरच्या बोरीवरच्या बुलबुलाचे फोटो घेत होतो. शिपाई बुलबुल म्हणतात तो. डोक्यावर टोकदार काळा तुरा, गालावर लाल टिकली.

"कोन हाय त्यो?" चाचांनी विचारलं.

मी नाव सांगितलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हेनं तुरा जरा पुढं झुकवून घेतलाय. पर शोभतोय. मान आखूड हाय न्हवं, सरळ ठेवला असता तर बुटका दिसला असता."

मी त्या पक्ष्याचे कितीतरी फोटो काढले होते. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही तुऱ्यांच्याच मागं लागलो. असं ठरवून काही केलं नाही, होत गेलं. रविवारी पहाटे मी गाडी घेऊन त्यांच्या बोळाच्या तोंडाशी थांबायचो आणि ते आधीच येऊन उभे असायचे. मोर बघितला, चाचांना त्याच्या पिसाऱ्यात रस नव्हता, डोक्यावरच्या त्या दांडीदार निळ्या तुऱ्यात होता. एका वस्तीवरचा कोंबडा बघितला, त्याचा लालभडक तुरा एका बाजूला पडलेला. कोंबड्याच्या मालकिणीला वाटलं आम्ही विकत घ्यायला आलोय. फोटोच काढायचाय म्हटल्यावर तिनं दोघांना खुळ्यात काढलं आणि चहा दिला. वाऱ्याच्या दिवशी रंकाळ्याच्या कठड्यावर लाटा फुटायच्या, त्या फुटायच्या आधी क्षणभर लाटेच्या माथ्यावर पांढरी कड उभी राहायची. चाचा म्हणाले, "ह्यो तुरा कुनालाच बांधता येनार न्हाय. बांधला तवर गेला."

सगळ्यात सतावलं ते हुदहुद पक्ष्यानं. पंचगंगेकाठच्या एका मोकळ्या रानात तो चोच खुपसत चालायचा. डोक्यावरचा तुरा मिटलेला, मागं टोक काढल्यासारखा. तो उघडला की पंखा होतो, हे मी पुस्तकात बघितलं होतं. पण मी बटण दाबेपर्यंत तो मिटलेला असायचा. दोन रविवार फुकट गेले. तिसऱ्या रविवारी चाचा सतरंजीवरून म्हणाले, "त्यो चालताना बघू नगंस. त्यो उडून खाली बसतोय ना, पाय टेकतानाच उघडतोय. पाय टेकला की उघडला, मग लगीच मिटला. मघापासनं धा वेळा बघितलं मी."

"आधी का सांगितलं नाही?"

"तू इचारलास कुठं?"

मग मी कॅमेरा पक्ष्यावर न रोखता तो जिथं उतरेल असं वाटत होतं त्या ढेकळांवर रोखून बसलो. चाचा मागून सांगत होते, "उठला... वळला... आला, आला, आता!" मी दाबलं. फोटोत हुदहुदाचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेत, पंख अर्धे मिटलेत आणि डोक्यावर काळ्या ठिपक्यांचा तुरा पूर्ण उघडलेला आहे. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या फोटोंत तो धरावा लागेल.

डिसेंबरात मी त्यांना नेसरीला आमच्या शेतावर नेलं. थोरला भाऊ तिथं शेती बघतो. उसाला तुरे आले होते. सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खं रान रुपेरी झालेलं, वारा आला की एका बाजूनं झुकायचं. मी खाली बसून, उभा राहून, बांधावर चढून फोटो काढत सुटलो. भाऊ कमरेवर हात ठेवून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "कसला फोटो काढतोयस रं त्येचा? तुरा आला म्हंजे ऊस वाढायचा थांबला. आता आतनं पोकळ व्हनार, वजनाला घटनार. शोभा काय चाटायची हाय?"

चाचा शेजारीच उभे होते. परतताना गाडीत म्हणाले, "तुझा भाऊ खरं बोलला."

"उसाचं बोलला तो, चाचा."

"व्हय की. उसाचंच."

गडहिंग्लज येईपर्यंत चाचा खिडकीतून मागं पडणारे उसाचे तुरे बघत होते.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या हातून चूक झाली. मी काढलेल्या फोटोंच्या प्रती द्यायला दुपारी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. चाचा खिडकीजवळ बसले होते. माळ्यावरचं गाठोडं खाली आलं होतं. गुडघ्यावर केशरी फेटा, एक टोक दातांत धरलेलं, आणि उजव्या हातानं ते चुण्या बसवायचा प्रयत्न करत होते. चुणी बसायची आणि सुटायची. खिडकीतून येणारा उजेड त्या कापडावर असा पडला होता की माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडं गेला. त्यांना कळायच्या आत मी फोटो काढला. संध्याकाळी तो मोबाइलवर स्टेटसला ठेवला. खाली दोन ओळी लिहिल्या, कलाकार कधी थांबत नाही वगैरे.

फोटो गावभर फिरला. जुन्या गिऱ्हाइकांचे चाचांना फोन यायला लागले. कुणी हळहळलं, कुणी काही मदत हवी का विचारलं. एकानं तर फोनवर रडून घेतलं. पुढच्या रविवारी मी बोळाच्या तोंडाशी अर्धा तास थांबलो. चाचा आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. चाची फोनवर एवढंच म्हणाल्या, "बेटा, तू तसं करायला नगं हुतास."

तिसऱ्या शनिवारी मी घरी गेलो. चाचांनी मला बसही म्हटलं नाही.

"पाखराला न इचारता फोटू काढतोस, त्ये चालतंय," ते म्हणाले. "मी पाखरू हाय व्हय?"

चुकलो म्हटलं. त्यांच्यासमोर मोबाइलमधून फोटो काढून टाकला, कॅमेऱ्यातूनही पुसला.

"हितं पुसल्यानं लोकांच्या डोळ्यातनं पुसतोय व्हय?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही, चाचा. चुकलो, एवढंच."

आत चाची भांडी घासत होत्या. "सगळी वळखीची मानसं," ते म्हणाले. "ज्येंच्या डोईवर मी तुरं काढलं, त्येच माझी कीव करत्यात. लई लागलं." मग आत बघून ओरडले, "अगं, च्या टाक की! पावणं आल्यात!" मी पाहुणा झालो होतो, म्हणजे राग अजून होता. पण चहा मिळाला, आणि उठताना ते म्हणाले, "उद्या रविवार हाय."

त्या रविवारी आम्ही लांब गेलो. मलकापूर ओलांडून, रत्नागिरी रस्त्यानं, आंबा घाटातल्या जंगलाच्या कडेला. मला सर्पगरुड हवा होता. मोठा तपकिरी पक्षी, आणि मानेमागं काळ्या-पांढऱ्या पिसांची झुपकेदार शेंडी. चिडला किंवा सावध झाला की ती फुलते. तिथल्या एका वाळक्या झाडावर तो बसतो असं कळलं होतं. धुकं निवळलं तेव्हा तो खरंच बसलेला होता. पाठ आमच्याकडं.

मी ट्रायपॉडवर कॅमेरा लावला, चौकट जुळवली आणि मागं सरलो. "चाचा, हा तुम्ही काढा. उजव्या हातानं. ह्या बटणावर बोट ठेवा, तुम्हाला वाटेल तेव्हा दाबा."

"मला कुठं येतंय?"

"कधी दाबायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

ते डोळा लावून उभे राहिले. किती वेळ गेला सांगता येत नाही. खाली दरीत कुठंतरी माकडं ओरडली. गरुडानं मान वळवली, अंग ताठ केलं आणि शेंडी फुलवली. चाचांनी दाबलं. गरुड उडाला.

आम्ही पडद्यावर बघितलं. चोचीमागची पिवळी कातडी, पिवळा डोळा, पंखांवरचे पांढरे ठिपके, सगळं लखलखीत. फक्त पक्ष्यानं अंग ताठ केलं तेव्हा तो चौकटीच्या वर गेला होता, आणि शेंडी बाहेर राहिली होती. भुवईच्या वरती फोटो संपला होता.

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होतो. तेवढ्यात चाचा हसायला लागले. हसता हसता खोकले, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होते. "आरं, पन्नास वरसं तुरं काढलं, आनि पयल्याच फोटूत तुरा छाटला की!"

परतताना मलकापुरात चहाला थांबलो. चाचा बशीत चहा ओतून विचार करत बसले होते. म्हणाले, "त्या हुदहुद्याचा फोटू कुनाचा रं? डोळं माझं हुतं, बोट तुझं हुतं."

"दोघांचा."

"मग फेटा बी तसा बांधता यील का? मी बोलायचं, दुसऱ्यानं बांधायचं."

"शिकणारं माणूस पाहिजे."

"त्ये हाय," ते म्हणाले.

ते माणूस म्हणजे त्यांची सून. चाचांचा मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीनं काम करतो आणि तिथंच राहतो. सुनेनं आधीच एकदा विचारलं होतं, असं मला नंतर कळलं. "अब्बा, मला शिकवा की," ती म्हणाली होती, आणि चाचांनी बायकांचं काम नव्हे म्हणून उडवून लावलं होतं. आता त्यांनीच फोन करून बोलावलं. ती आठवड्यातून दोन दिवस सकाळच्या एसटीनं यायला लागली. चाचा खुर्चीत, ती समोर, मधे चाचींचं डोकं. पहिल्या महिन्यात तिचा एकही तुरा उभा राहिला नाही. चाचा ओरडायचे, "वड! वड की! कापड हाय त्ये, मरत न्हाय!" चाची म्हणायच्या, "कापड मरत न्हाय, पर माझं डोस्कं मरतंय." सून सोडायची आणि पुन्हा बांधायची. मी दोनतीनदा तिथं होतो. कॅमेरा गाडीत ठेवून गेलो होतो.

आता लग्नात बायकाही हौसेनं फेटे बांधतात. त्यांना बांधायला बाई मिळाली तर बरं वाटतं, हे चाचांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. सुनेच्या मात्र पहिल्यापासून होतं. इचलकरंजीतल्या एका लग्नाचं काम तिनंच मिळवलं. नवरीकडच्या झाडून सगळ्या बायका रांगेत बसल्या होत्या. चाचा दाराशी खुर्ची टाकून बसले, आणि एकेक फेटा झाला की डोळे बारीक करून बघायचे. पहिल्या काही फेट्यांना त्यांनी नुसती मान हलवली. नंतर त्यांना बघायची गरजच पडेना. सून स्वतःच चार पावलं मागं जायची, बघायची आणि पटलं नाही तर मोडायची. चाचांनी खिशातून लवंग काढून दाढेखाली धरली आणि शेजारच्या पाहुण्याशी गप्पा मारायला लागले.

त्यानंतर कामं वाढली. आता चाचांना बरेच रविवार मोकळे नसतात. मी एकटाच जातो. एकटं जाणं मला आवडायचं. आता थोडं सुनं वाटतं, पण तेही अंगवळणी पडतंय. गेल्या आठवड्यात मसाई पठारावर गेलो होतो. वाळल्या गवतात एक चंडोल दगडावर बसून गात होता, त्याचा बारीक तपकिरी तुरा वाऱ्यानं मागं झुकत होता. मी फोटो काढला आणि चाचांना फोन लावला. सुनेनं उचलला. मागं बँड वाजत होता.

"अब्बा कामात हाईत," ती ओरडून म्हणाली. "काय निरोप सांगू?"

"काही नाही. चंडोल दिसला म्हणून सांगा."

"काय दिसला?"

"पाखरू, पाखरू!"

"बरं, सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला. मी दगडाला टेकून बसलो आणि डबा उघडला. चंडोल अजून गात होता.