मथुराबाईंची मूठ

मथुराबाईंनी पदराखालचा हात माझ्या टेबलावर ठेवला आणि हा अजून वर कापायचं ठरलंय, असं सांगितलं. मुंबईच्या सर्जनने तारीख दिली होती, पंधरा दिवसांनंतरची. मांडव्याहून लाँच, पुढे टॅक्सी, सोबत कोण जाणार, सगळं घरात ठरलं होतं. मला फक्त कळवायला आल्या होत्या. तीन आठवडे न चुकता माझ्याकडे येत होत्या, तेव्हा न सांगता बंद करणं त्यांना बरं वाटेना.

हात म्हणजे कोपराखाली वीतभर उरलेला भाग. उजवा. आम्ही त्याला स्टंप म्हणतो. आठ महिन्यांपूर्वी थळच्या किनाऱ्यावर बर्फ फोडायच्या मशीनमध्ये त्यांचा पंजा गेला. जखम केव्हाच भरली होती. टाक्यांची रेघ नीट बसली होती, कातडी मऊ होती. दुखत होतं ते त्याच्या पुढे, जिथे आता काही नव्हतं तिथे.

मी फिजिओथेरपिस्ट. अलिबागच्या एका हॉस्पिटलमध्ये बावीस वर्षं काम करते. हॉस्पिटल ज्यांचं आहे ते हाडांचे डॉक्टर, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. फिजिओ म्हणजे गुडघे शेकणारी बाई अशी लोकांची समजूत असते आणि ती निम्मी खरी आहे. उरलेलं निम्मं काम दुखण्याचा माग काढायचं. त्यात मला नको इतका रस आहे. सर मला चिडवतात की तुला पेशंट बरा झाला तर आनंद होतो, पण तो का बरा होत नाही हे कळलं तर जास्त होतो.

नसलेल्या अवयवाच्या दुखण्याला फँटम पेन म्हणतात. पूर्वी साधा हिशेब होता. जखमेपासून नस निघते, ती मेंदूला निरोप देते, निरोप पोचला की दुखतं. गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाने हे चित्र बरंच बदललं. निरोप अनेक येतात, त्यातले काही चुकीचे असतात आणि दुखलं पाहिजे की नाही हे शेवटी मेंदू ठरवतो. मेंदूत आपल्या अख्ख्या शरीराचा नकाशा असतो. हात गेला तरी नकाशातून तो पुसला जात नाही. मेंदू त्याला हुकूम सोडत राहतो, उत्तर काही येत नाही, आणि मग मेंदू घाबरून भोंगा वाजवत बसतो. सगळ्यांना हे स्पष्टीकरण पटतं असं नाही, पण सध्या कामाला हेच उपयोगी पडतं.

मथुराबाईंची मूठ वळलेली होती. नसलेली मूठ. नखं तळव्यात रुतायची, आधी गारठा आणि मग आग. दहापैकी किती दुखतं असं विचारलं की त्या नऊ म्हणायच्या, आणि दहा का नाही तर दहा तेव्हा दुखलं होतं, मशीनमध्ये. नसांच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, मूठ तशीच राहायची.

‘ती मूठ उघडाची कशी, तेच समजत न्हाय,’ त्या म्हणायच्या.

सर्जनचं म्हणणं चूक नव्हतं. कापलेल्या नसेच्या टोकाला कधी कधी गाठ धरते आणि ती काढली की आराम पडतो. पण अशी गाठ असली की तिच्यावर टिचकी मारताच कळ उठते. मथुराबाईंच्या स्टंपवर मी कुठेही टिचकी मारली तरी त्या शांत बसायच्या. म्हणून मला वाटत होतं की हात अजून चार बोटं वर कापला तरी मूठ सोबतच येईल, आणि वर एक नवी जखम.

माझा सगळा भरवसा आरशावर होता. ही युक्ती तीसेक वर्षं जुनी आहे. टेबलावर आरसा उभा ठेवायचा, स्टंप त्याच्या मागे, चांगला हात पुढे. आरशात बघितलं की डाव्या हाताचं प्रतिबिंब बरोबर उजव्या हाताच्या जागी दिसतं. मग डावी मूठ सावकाश उघडायची. मेंदूला दिसतं की उजवी उघडली, आणि भोंगा बंद होतो. निदान काहींचा होतो. काहींचा का होत नाही यावर अजून शोध चालू आहेत. एक अंदाज असा की आरशातला हात आपलाच वाटायला हवा, परका वाटला तर मेंदू फसत नाही. म्हणूनच सुरुवात करताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढायच्या आणि गोंदण झाकायचं असा नियम आहे.

पहिल्याच दिवशी मी मथुराबाईंना डाव्या हातातला हिरवा चुडा काढायला सांगितलं. त्यांनी साफ नकार दिला. नवरा नाखवा, बोट चार दिवस दर्यात, आणि मी बांगड्या उतरवा म्हणते. माझी आईही उतरवणार नाही, म्हणून मी जोर केला नाही. शिवाय मी माझ्यापुरती मखलाशी केली. बाईच्या दोन्ही हातांत बांगड्या असतातच. आरशातल्या उजव्या हातातही त्या दिसतील, उलट हात जास्त खरा वाटेल. हा विचार सुचल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते.

पहिल्या आठवड्यात आरशात बघून त्यांना मळमळलं. दुसऱ्यात काहीच झालं नाही. तिसऱ्यात दुखणं वाढलं. त्यांच्यासोबत धाकटी जाऊ सुनंदा यायची. तिचं तोंड एक मिनिट बंद नसायचं, आणि आरशाच्या कामाला चित्त लागतं, म्हणून मी तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आणि आता मथुराबाई तारीख घेऊनच आल्या.

सर म्हणाले, जाऊ दे, तीन आठवडे दिलेस. मी सर्जनला फोन केला. माणूस भला निघाला. हे पंधरा दिवस तुमचे, म्हणाला, काही फरक पडला तर मी आनंदाने माझी सुरी आत ठेवेन.

मी मथुराबाईंना पुन्हा आरशासमोर बसवलं, आणि पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं. तुम्हाला आरशात काय दिसतं?

‘हात,’ त्या म्हणाल्या. हिला काय झालंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

‘कोणाचा?’

‘कोन ठाव. तुमच्यातल्या बाईचा असंल. माजा न्हाय.’

‘तुमचा का नाही?’

‘बाय, माज्या उजव्या हातान बांगड्या कवा होत्या?’

मग त्यांनी मला समजावलं, सावकाश, लहान पोरीला सांगावं तसं. त्यांच्यात, म्हणजे कोळ्यांत, जुन्या बाया चुडा फक्त डाव्या हातात भरतात. उजव्या हातातल्या बांगड्या लग्नाच्या दिवशी दर्याला दिल्या जातात. नवरा दर्याच्या जिवावर जगणार, तेव्हा त्याला सांभाळायचं दर्याने. आता सुना दोन्ही हातांत भरतात, पण मथुराबाईंचा उजवा हात लग्नापासून मोकळाच होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमची नारळ-सुपारीची वाडी थळपासून सात-आठ किलोमीटरवर. लहानपणापासून मी तिथल्या बायकांकडून मासळी घेते आहे. इतकी वर्षं त्यांनी मोकळ्या उजव्या हाताने माझ्या पिशवीत मासळी टाकली आणि तो हात मी एकदाही बघितला नाही. संशोधनाचे पेपर मात्र बघितले होते, पेन्सिलने खुणा करून. तीन आठवडे मी या बाईला एका परक्या बाईचा हात दाखवत होते आणि तो तिला लागू का पडत नाही म्हणून नवल करत होते.

आता बांगड्या न काढता त्या दिसेनाशा करायच्या होत्या. मनगटावर क्रेप बँडेज गुंडाळलं. मथुराबाईंनी आरशात एकदा बघितलं आणि मान फिरवली. तो हात त्यांनी शेवटचा पाहिला तेव्हा तो असाच गुंडाळलेला होता. मग पडद्याला भोक पाडून त्यातून फक्त पंजा बाहेर काढायला लावला. मूठ उघडली की बांगड्या घसरून पुढे यायच्या आणि किणकिणायच्या. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी सुनंदाने दारातून डोकं आत घातलं. बाकावरून तिने सगळं ऐकलेलं होतं.

‘माजा हात चालंल काय?’ तिने विचारलं आणि उजवा हात पुढे केला.

मोकळा हात. चोवीस वर्षं दोघी एकाच फळीवर मासळी कापत होत्या. तिच्या पहिल्या बोटावर कोयतीचे जुने व्रण होते. मथुराबाई म्हणाल्या, माझ्याही तिथेच होते.

मी आधी नाहीच म्हटलं, कारण पुस्तकात आरसा आहे, जाऊ नाही. मग मला रबरी हाताचा प्रयोग आठवला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवतात, समोर रबराचा हात ठेवतात आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच लयीत ब्रश फिरवतात. थोड्या वेळाने बऱ्याच जणांना रबराचा हात आपलाच वाटू लागतो. हात गमावलेल्या काही लोकांनाही तसं वाटल्याचं मी वाचलं होतं. रबराला जमतं ते सुनंदाला का जमू नये? मी दोघींना स्पष्ट सांगितलं की हे मी कधी केलेलं नाही, कदाचित दुखणं वाढेल, वाढलं तर लगेच थांबायचं.

‘कापाच्या आदी बगू तरी,’ मथुराबाई म्हणाल्या.

सरांना विचारलं. ते खांदे उडवून म्हणाले, यात कापायचं काही नाही ना, मग कर.

स्टेशनरीच्या दुकानातून रंगाचे दोन ब्रश आणले. सुनंदा मथुराबाईंच्या मागे, उजव्या बाजूला चिकटून बसली. ऑपरेशन थिएटरची हिरवी चादर दोघींच्या खांद्यांवरून अशी सोडली की स्टंप तिच्याखाली गेला आणि सुनंदाचा पंजा मथुराबाईंच्याच बाहीतून आल्यासारखा टेबलावर आला. डावा हात चुड्यासकट मांडीवर, नजरेबाहेर. सुनंदाला एकच अट होती, बोलायचं नाही. सगळ्यात अवघड भाग तोच होता. मी एक ब्रश स्टंपच्या टोकावर आणि दुसरा सुनंदाच्या बोटांवर एकदमच फिरवायला लागले.

दहा मिनिटं काही नाही. मथुराबाई घड्याळाकडे बघत होत्या. मग त्यांचं घड्याळाकडे बघणं थांबलं.

‘आला,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘हात आला.’

बावीस वर्षांत इतकं लक्ष देऊन मी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिलं नसेल. सुनंदाने मथुराबाई सांगतील तशी मूठ वळली, अजून घट्ट, अंगठा आत. मग एकेक बोट सोडवायचं. त्या दिवशी फक्त अंगठा सुटला. मथुराबाई म्हणाल्या, आज पुरे.

रोज अर्धा तास करत गेलो. दुसऱ्या दिवशी अंगठाही सुटला नाही. तिसऱ्या दिवशी दोन बोटं सुटली. चौथ्या दिवशी सुनंदाने करंगळीपर्यंत सगळी बोटं उघडली आणि तळवा वर करून टेबलावर ठेवला. मथुराबाई त्या तळव्याकडे बघतच राहिल्या.

‘पडला,’ त्या म्हणाल्या.

‘काय पडलं?’ मी विचारलं.

‘बर्फ.’

मशीनने हात ओढला तेव्हा त्यांच्या मुठीत बर्फाचा खडा होता. त्या दिवसापासून तो त्यांनी धरून ठेवला होता. थंडगार वाटतं, मग आग होते, हे मी फॉर्मवर पहिल्याच दिवशी लिहून घेतलं होतं आणि हातात काय होतं हे विचारलं नव्हतं. मथुराबाई रडायला लागल्या. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. सुनंदा तेवढी अट पाळून गप्प राहिली आणि हात होता तिथेच ठेवून बसली.

दोन तासांनी मूठ पुन्हा वळली, पण पूर्वीइतकी घट्ट नाही. पुढे ती अर्धा अर्धा दिवस सुटी राहू लागली. नवावरून सहा, सहावरून चार. तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः सर्जनला फोन केला आणि आपण येत नसल्याचं सांगितलं. सर्जनने ऑपरेशन दोन महिने पुढे ढकललं, नंतर रद्द केलं. आज दोघी जावा बाजारात एकाच टोपलीवर बसतात. सुनंदा कापते, मथुराबाई भाव सांगतात आणि कमी करत नाहीत. हवा बदलली की दोन बोटं अजून आखडतात. तेव्हा सुनंदा भर बाजारात कोयती बाजूला ठेवते, हात धुते आणि त्यांच्यापुढे धरते.

फाइल बंद करताना सरांनी विचारलं, ट्रीटमेंटच्या रकान्यात काय लिहिणार? झालं ते जसंच्या तसं लिहिलं. यातून काही सिद्ध होतं का, असंही त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं, पेशंट एकच, आणि दुखणं कदाचित त्याच सुमारास आपणहूनही कमी झालं असेल.

आमच्या फॉर्मवर दुखण्याला आकडा द्यायची एक ओळ असते. तिच्याखाली मी आणखी एक ओळ वाढवून घेतली. गेलेला हात किंवा पाय कसा होता आणि शेवटी काय करत होता, ते पेशंटला विचारावे. आकडा सांगायला लोक अडखळतात. या ओळीवर आजवर कोणी अडखळलं नाही, प्रत्येक वेळी जागा कमी पडते आणि मला कागद उलटून मागे लिहावं लागतं.