कानात सांगायची गोष्ट

शेषाद्री सरांच्या वर्गात बसायचं तर आधी खिशातल्या किल्ल्या काढून द्याव्या लागत. घराची, स्कूटरची, कपाटाची, असेल ती. दारातच ते स्टीलचा डबा घेऊन उभे असत आणि मुलांच्याच काय, आम्हा आयाबापांच्या किल्ल्याही त्यात टाकून घेत. मी पहिल्या दिवशी भांडले. बँकेच्या ड्रॉवरची किल्ली मी असल्या उपटसुंभ माणसाच्या डब्यात का टाकू? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डबा तसाच धरून उभे राहिले. शेवटी टाकली.

मग कारण कळलं. इकडे मद्रासकडे कुणाला फिट आली, माणूस रस्त्यात पडून हातपाय झाडू लागला, की भोवतीची गर्दी पहिलं काम करते ते त्याच्या मुठीत लोखंडी किल्ली कोंबण्याचं. लोखंडाने फिट उतरते म्हणे. आमच्या मिरजेकडे कांदा हुंगवतात, तेव्हा आपण हसायला नको. सर म्हणायचे, "किल्ली कुलपाला. माणसाला नक्को. आजूबाजूचं सामान काढा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर करा. कोण काय म्हणट्लं तरी किल्ली नक्को." आणि डबा खळखळ वाजवून दाखवायचे.

हे शेषाद्री राव म्हणजे तंजावरी मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली माणसं. घरात बोलतात ती मराठी, पण आपल्याला ती कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीत म्हणतंय तशी ऐकू येते. अंबत्तूरच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात त्यांची हयात गेली. लोकांची तुटलेली बोटं बर्फात घालून इस्पितळात पोचवणं हे काम. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, हे आमच्या मुलांच्या भटकंती गटाला प्रथमोपचार शिकवू लागले. माझी ऊर्मी त्या गटात होती, म्हणून मीही रविवारी लटांबरासारखी मागे. सरांच्या डोक्यावर काळी छत्री, डब्यात दहीभात, आणि पिशवीत बायकोच्या, म्हणजे कृष्णवेणीबाईंच्या, जुन्या नऊवारी फाडून केलेल्या त्रिकोणी पट्ट्या. त्या जरीकाठाच्या पट्ट्यांनी आमच्या पोरांनी एकमेकांचे न मोडलेले हात किती वेळा बांधले असतील.

पण त्यांचा खरा धडा पट्ट्यांचा नव्हता, कानाचा होता. कुठेही निघायच्या आधी ते झाडाखाली जाऊन उभे राहत आणि एकेक मूल जवळ जाई. सर वाकून कान पुढे करत. ज्याला जे दुखणं असेल ते त्याने त्या कानात सांगायचं. कुणाला दमा, कुणाला मधमाशी चावली तर घसा सुजतो, कुणाची पाळी आलेली, कुणी रात्री अंथरूण ओलं करतो. "सांगट्लेल्याला शिक्षा नाही. लपविलेल्याला आहे. मी नाही द्यायचा शिक्षा. डोंगर देईल." ऐकलेलं कधी कुणाला कळलं नाही. मुलं आईला सांगत नसत ते सरांना सांगत. ऊर्मीनेही काहीतरी सांगितलं होतं. मी खोदून खोदून विचारलं, दाद दिली नाही कार्टीने. मला राग आला आणि त्या माणसाबद्दल आदरही वाटला, दोन्ही एकदम.

त्यांची थोरली मुलगी रंजनी त्यांच्या हाताखाली असायची. अंबत्तूरलाच संगणकाच्या कंपनीत नोकरी, हसरी, गोरी, मुलांची लाडकी अक्का. पाण्याजवळ गेलो की ती कधी उतरायची नाही. वर खडकावर बसून मुलं मोजायची. मी एकदा म्हटलं, "अगं, जरा पाय तरी भिजव." ती म्हणाली, "मला पोहायला येत नाही, आंटी." विषय संपला. अर्ध्या मद्रासला पोहता येत नाही, त्यात काय एवढं.

तिचं लग्न ठरत होतं. आता ह्या लोकांचं लग्न ठरणं म्हणजे काय ते सांगते. त्यांची घरं मोजकी. कुंभकोणमला शिंकलं तर तांबरमला कळतं. एका घरात कुणाच्या अंगावर कोडाचा डाग निघाला तर तीन पिढ्यांतल्या मुली घरात बसतात. त्यात विजयेंद्रसारखा मुलगा चालून आलेला. बेंगळुरूची नोकरी, शांत स्वभाव, आणि मुख्य म्हणजे आपल्यातला. कृष्णवेणीबाई हवेत होत्या. मुलाची आत्या घराची रीतभात बघायला म्हणून येऊन राहिली, चांगली आठवडाभर, आणि झोपायला रंजनीच्याच खोलीत. पाहुणी कसली, पाळत.

त्या आठवड्यानंतरच्या रविवारी आमची सहल होती. गुम्मिडिपूंडीच्या पुढे आंध्रच्या हद्दीत डोंगर आहेत, त्यात ओढ्याचे डोह. विजयेंद्रही आला होता. मुलं त्याला चिडवून चिडवून बेजार करत होती, आणि तो लाजत होता. मला पोरगा आवडला.

डोह कमरेइतका. सरांनी आधी काठीने तळ बघून घेतला, दोरी टाकली, ठरलेल्या जोड्यांनी मुलं उतरली. सर काठावर, गळ्यात शिट्टी. त्यांची शिट्टी वाजली की पाण्यातलं मूल असेल तिथून बाहेर, असा नियम. विजयेंद्र पाण्यात उतरला आणि त्याने खडकावरच्या रंजनीला हाक मारली. ती मान हलवून नको म्हणाली. त्याने पुन्हा बोलावलं. मुलं ओरडायला लागली, "अक्का, अक्का!" कमरेइतक्या पाण्यात जायला पोहणं कशाला यायला हवं? ती वडिलांकडे बघत होती. मी अगदी शेजारी उभी होते. सरांनी शिट्टी उचलली, ओठांना लावली, आणि तशीच धरून ठेवली. वाजवली तर सगळे विचारणार होते, का? विजयेंद्र विचारणार होता. त्यांनी शिट्टी खाली सोडली. रंजनी पदर खोचून, हसत, पाण्यात गेली.

थोडा वेळ सगळं छान होतं. पाणी उडवणं, किंचाळणं. मग ती दिसेना. कुणी ओरडलं नाही, हात वर आला नाही, काही नाही. विजयेंद्रला वाटलं तिने गमतीने बुडी मारली. तो हसत वाट बघत होता, हे मी जन्मात विसरणार नाही.

पहिली ओरडली ती सरोजा, अकरावीतली. मग मुलांनी जे केलं ते सरांनी शिकवलं तसंच, शब्दाला शब्द. दोरी ओढली, तिला काठावर आणलं, आडवी केली, तोंड साफ केलं, सरोजा आणि उपेंद्र पाळीपाळीने छाती दाबू लागले, कुणी श्वास देत होतं, एक जण फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर धावला. कुणी रडलं नाही. रडायचं नंतर, हेही सरांनीच शिकवलेलं.

आणि सर स्वतः? सर आपल्या पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होते. पट्ट्या उपसून टाकल्या, किल्ल्यांचा डबा काढला, झाकण उघडेना तर दगडावर आपटला. किल्ल्या सगळीकडे उडाल्या. त्यातली एक उचलून ते मुलीजवळ आले, तिची मूठ उघडली आणि किल्ली आत घालून दोन्ही हातांनी आवळून धरली. "रंजू, धर गो. धर."

छाती दाबता दाबता सरोजा धापा टाकत म्हणाली, "सावी वेंडाम, सर." किल्ली नको, सर.

त्यांना ऐकू आलं नाही. आम्हाला मात्र सगळं कळलं. किल्ली कुणाच्या हातात देतात ते आम्हाला त्यांनीच तर शिकवलं होतं. विजयेंद्रने त्या मुठीकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि तो तिथेच वाळूत बसला.

डॉक्टर मिळेपर्यंत मुलं थांबली नाहीत. उपयोग झाला नाही.

बाकीचं नंतर कृष्णवेणीबाईंच्या तोंडून कळलं, त्याही धड बोलण्याच्या अवस्थेत नव्हत्या. रंजनीला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या नियमित असल्या की वर्षानुवर्षं काही व्हायचं नाही. आत्या खोलीत झोपायला होती म्हणून गोळ्या देवघरातल्या कपाटात गेल्या होत्या, आणि आत्याच्या नजरेसमोर देवघरात कितीदा जाणार, म्हणून काही राहिल्या. आणि घरात कधी फिट आलीच तर बाई किल्ली द्यायच्या. नवरा वर्गात काहीही सांगो. "माहीत होतं त्यांना," बाई म्हणाल्या, "पण त्यांनीही धरला आहे तिचा हात, किल्ली घालून. बाप आहे. काहीतरी हातांत द्यायाला होवं ना?"

त्या बाईवर मी कशी रागावणार? आणि सरांवर तरी? मला संताप आला तो त्या पाळत ठेवणाऱ्या आत्यावर, शिंक ऐकणाऱ्या त्या सगळ्या घरांवर. अजून येतो.

पावसाळा उलटल्यावर सर परत वर्गावर आले. आम्हाला वाटलं नव्हतं. छत्री होती, पट्ट्या होत्या. डबा नव्हता. सगळी मुलं आणि पालक समोर बसले असताना त्यांनी उभं राहून सांगितलं, "माझ्या लेकीला फिट येत होती. मी सांगट्लं नाही. शिट्टी तोंडात होती, वाजविली नाही. तुम्ही सांगा. म्हणून आलों." एवढंच, आणि ते झाडाखाली जाऊन उभे राहिले. त्या सांगण्याची किंमत काय ते त्यांना ठाऊक होतं. धाकट्या लेकीसाठी, श्रीलक्ष्मीसाठी, येणारे लग्नाचे निरोप त्याच महिन्यात बंद झाले.

मला वाटलं, आता तरी. इतकं सोसून एवढं तरी पदरात पडेल, की मुलं सांगतील, आया सांगतील.

मुलं एकेक करून झाडाखाली गेली. सर वाकले, कान पुढे केला. प्रत्येक मूल काहीतरी पुटपुटून लगेच बाजूला होत होतं. फार पटकन. ऊर्मी परत आली तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, "सगळे 'काही नाही, सर' म्हणतायत, आई. मी पण."

"अगं, का?"

ती जाऊन सरोजाशेजारी बसली.

उत्तर मला विद्युलताकडून मिळालं. आमच्याच कॉलनीतली, मुरलीची आई. तिने मला गेटपाशी ओढून नेलं आणि हळूच म्हणाली, "जयवंती, आमच्या मुरलीला अधूनमधून फिट येते. तुला म्हणून सांगते. सरांना नको हं कळू देऊ. ते आता सगळ्यांसमोर बोलून टाकतात."

मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्यांना सांग, नाहीतर मी सांगते. तिचा चेहरा पडला. तिने आत जाऊन मुरलीला हाताला धरून उठवलं आणि घरी घेऊन गेली. पुन्हा आली नाही. परवा ऊर्मीने एक फोटो दाखवला, मुरली दुसऱ्या कुठल्याशा गटाबरोबर गेला होता. फोटोत तो गळ्यापर्यंत पाण्यात उभा आहे, हसतोय.

त्या दिवशी मात्र मी गेटपाशीच उभी राहिले होते. झाडाखाली रांग संपली होती. सर अजून वाकलेले होते, कान पुढे करून, कुणी राहिलं असेल तर म्हणून.