शेपटीचं टोक

आमच्या शेजारचे भावजी मागच्या अंगणातल्या झाडाला मिठी मारून रडतात, ही बातमी गेल्या महिन्यात आमच्या इमारतीचे तिन्ही मजले चढली. पसरवली मीच, तेव्हा खोडून काढायचं कामही माझंच. ते रडत नव्हते. सालीला गाल टेकवून, भेगांमध्ये काडी घालून त्या किती खोल आहेत ते मोजत होते. डोळ्यांतलं पाणी मुंग्या चावल्यामुळे होतं.

भावजी संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांना उभं करतात. लोक त्याला पेंढा भरणं म्हणतात, म्हणून आमच्यात ते 'पेंढेवाले'. यावर दर वेळी उसळतात. "पेंढा नाही हो, कापूस असतो! आणि तार!" चाळीस वर्षं एकाच स्टुलावर बसून त्यांच्या सगळ्या विजारी बुडाशी आरशासारख्या चकचकीत झाल्यात. वहिनी ठिगळं लावून थकल्या.

निवृत्तीला महिना उरला आणि हातात शेवटचा पक्षी आला. उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात खोडं चढणारा, तपकिरी, बाकदार चोचीचा. फांदीवर आरामात बसून गाणाऱ्यांतला हा नव्हे. बुंध्याशी उतरायचं, खोडाभोवती गिरक्या घेत वर चढायचं, भेगेभेगेत चोच खुपसून किडे ओढायचे आणि वर पोचलं की भुर्रकन पुढच्या झाडाच्या बुंध्याशी. पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे तुमच्यासारखाच," वहिनी म्हणाल्या. "एक संपला की दुसरा."

चढताना हा सगळा भार टाकतो शेपटीवर. पिसांच्या दांड्या ताठ, टोकाशी काट्यासारख्या उघड्या. त्या सालीत रुततात, म्हणून तो घसरत नाही. नेमकी तीच टोकं संग्रहालयाच्या नव्या प्रमुख बाईंच्या डोळ्यांत खुपली. त्यांनी नोंदीत लिहिलं, 'शेपटी खराब. बदलावी.' बदलली नाही तर पक्षी कपाटात जाणार आणि नवं दालन त्याच्याविना उघडणार.

भावजींचं जेवणात लक्ष लागेना.

"अहो, लावा की दुसरी पिसं," वहिनी म्हणाल्या. "जाता जाता कशाला वाकड्यात शिरता?"

"अगं, जन्मभर त्या शेपटीवर उभं राहून त्याने पोट भरलं. ती फेकून देऊ?"

"मग बाईंना नीट सांगून बघा," मी म्हटलं.

"सांगून कुणाला पटलंय? दाखवतो."

म्हणून ती झाडाला मिठी. अंगणातल्या सालीबरहुकूम त्यांनी खोटं खोड बनवलं. दाखवायच्या दिवशी वहिनी त्यांचा डबा घेऊन निघाल्या आणि मीही डबा पोचवायला गेले. एका डब्याला दोन बायका कशाला, असं कुणी विचारलं नाही.

बाई टेबलापाशी उभ्या होत्या. मूळ शेपटी भावजींनी जपून सुटी करून डबीत ठेवली होती. हुकमाप्रमाणे त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा पक्ष्याची मऊ, गोंडस शेपटी टाचण्यांनी लावली आणि पक्षी खोडावर चढवला. शेपटी बिचारी दुमडली. पक्षी दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यासारखा लोंबायला लागला. मी फिस्सकन हसले. वहिनींनी कोपर मारलं.

मग भावजींनी डबी उघडली. पक्ष्याची स्वतःची शेपटी लागली, टोकं भेगेत टेकली, पाठ जरा मागे रेलली, मान वर गेली. कापूस तोच, तारही तीच. पण आता हा पुढचं पाऊल टाकणार, असं वाटून मीच मागे सरकले.

बाईंनी वाकून बोटाने एक टोक चाचपलं. "टोचतंय."

"टोचायलाच हवं. टोकं मुळातच अशी, त्यात चढून चढून झिजलेली. ही झीज आहे बाई, खराबी नाही."

बाईंनी टोचलेलं बोट चोळलं. मग त्यांनी नोंद मागवली, 'खराब' वर काट मारली आणि लिहिलं, 'वापरलेली'. शब्द भावजींना पुरता पटला नव्हता, ते त्यांच्या नाकावरून कळत होतं. पण पक्षी दालनात गेला.

निवृत्तीच्या संध्याकाळी ते जिन्यात भेटले, काखेत ते स्टूल. मी कसली सोडते!

"काय भावजी, आता तुम्हालाही पेंढा भरून काचेत उभं करायचं का?"

"करा की. पेंढा नाही, कापूस. आणि विजारीचं बूड अजिबात बदलायचं नाही."