खिशातला तुकडा

कपाट आवरताना बाबांनी मला शिवलेला निळा शर्ट सापडला आणि खिशात हाताला कापडाचा तुकडा लागला. बाबा शिंपी होते. उरलेलं कापड कपड्याच्या खिशात घालूनच ते गिऱ्हाइकाला द्यायचे. पुढे ठिगळ लागलं तर तोच रंग मिळावा म्हणून.

त्यांच्या पोटातही असाच एक तुकडा निघाला होता. लिव्हरचा सुपारीएवढा भाग जन्मापासूनच जागा सोडून पित्ताशयाला चिकटलेला, आणि कॅन्सर नेमका त्यातच झालेला.

"मूळ लिव्हर स्वच्छ आहे, काका. पित्ताशयासकट तेवढंच काढू," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे कापड तेच, उरलेला तुकडा आत राहून गेला," बाबा म्हणाले.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच त्यांनी तो परत मागितला. तपासायला गेलाय म्हटल्यावर पुटपुटले, "आम्ही देतो हो गिऱ्हाइकाला."

नंतर बरीच वर्षं त्यांचं मशीन चाललं. हा शर्ट त्याच वर्षांतला.

आता तो कोपरावर फाटलाय. तुकडा तिथे लावून पाहिला, पण रंग जुळेना. शर्ट धुऊन धुऊन विटलाय. धुताना दर वेळी काढून ठेवलेला तुकडा मात्र बाबांनी कापला त्या दिवशी होता तितकाच निळा आहे.